अवघड जागेचं दुखणं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण ऐकून आपण हसतो, पण तिच्यातली अडचण खरी आहे. दुखणं आहे, औषध सांगणारा घरातच आहे, तरी तोंड उघडता येत नाही. आज मी अशाच एका दुखण्याविषयी बोलणार आहे. अंगावरून वारं गेल्यानंतर, म्हणजे अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यानंतर, पुष्कळांचा लघवीवरचा ताबा जातो. त्यावर एक साधा व्यायाम आहे. मी डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा उपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण हा व्यायाम आला कुठून, आणि गरजवंतापर्यंत पोचायला त्याला एवढा उशीर का लागला, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. तेवढाच मी आज घेणार आहे.

सुरुवात घरापासून करतो. सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे महामार्गालगत चिंचोळीची एमआयडीसी लागते. माझे दाजी तिथल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर कामाला होते. तीन पाळ्यांची नोकरी. रक्तदाब वाढलेला होता, गोळी चालू होती. पण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद केलेली. एका सकाळच्या पाळीत चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं आणि डावं अंग लुळं पडलं. सोबत्यांनी लगेच गाडीत घालून सोलापूरला आणलं म्हणून जीव वाचला.

रुग्णालयातून घरी पाठवताना हाताचे आणि पायाचे व्यायाम दाखवले होते. दोन-तीन महिन्यांत दाजी काठी घेऊन चालू लागले. भेटायला येणारे म्हणत, ‘चला, सुटले!’ पण घरातली गोष्ट घरालाच ठाऊक. लघवीची भावना झाली की थांबवत नसे. संडासापर्यंत दहा पावलं, पण लुळ्या पायाने ती दहा पावलं व्हायच्या आतच कपडे ओले. माझ्या बहिणीने, अक्काने, गादीवर मेणकापड घातलं. त्यावरची सोलापुरी चादर रोज धुवावी लागे, आणि ओली सोलापुरी चादर पिळणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. मग दाजींनी स्वतःच पाणी पिणं कमी केलं. सोलापूरचा वैशाख, पारा चाळिशीच्या वर, आणि हा माणूस दिवसभरात तीन-चार भांडी पाणी पिणार. त्या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्यावर, जन्मात पहिल्यांदा ते गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, ‘गर्दी सोसत नाही.’ खरं कारण वेगळं होतं.

सहा-सात महिन्यांनी फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी पाय वाकवून बघता बघता विचारलं, ‘काका, लघवीचं कसं काय?’ दाजी भिंतीकडे बघू लागले. अक्का म्हणाली, ‘बाई, हे विचारणारी तू पहिलीच.’

त्या मुलीने जो व्यायाम शिकवला तो बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण आतल्या आत जसं आवरून धरतो, तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. बस्स. मला वाटलं, एवढं सोपं असेल तर हे आधी कुणी का सांगितलं नाही? तिथून मी पुस्तकं उघडली.

आधी हे समजून घेऊ, की बिघडतं काय. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गुदाशय, बायकांमध्ये गर्भाशय, हे सगळं त्या झोळीवर टेकलेलं असतं. झोळी आवळली की लघवीची वाट बंद होते. मूत्राशय भरत आलं की तसा निरोप मेंदूकडे जातो आणि मेंदू बजावतो, ‘थांब, अजून जागा सापडलेली नाही.’ हे ‘थांब’ आपण जन्मतः घेऊन येत नाही. दोन-तीन वर्षांचं पोर ते शिकतं, आणि पुढे ते कधीतरी शिकलो होतो हेही आपण विसरून जातो.

अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पुष्कळदा हा लगाम ढिला होतो. मूत्राशय धड असतं, झोळीही जागेवर असते. पण ‘थांब’ म्हणणारा गप्प झालेला असतो किंवा त्याचा आवाज क्षीण झालेला असतो.

हे कळायला माणसाला फार काळ लागला. आपल्या आयुर्वेदाने हा आजार वाताच्या विकारांत घातला. चरकसंहितेत तो ‘पक्षवध’ आहे, सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’. ‘अंगावरून वारं गेलं’ ही आपली बोली त्याच विचाराची लेक. मलमूत्र बाहेर टाकणं हे काम त्या शास्त्राने अपान वायूकडे दिलं. युरोपात १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्वित्झर्लंडमधल्या वैद्याने झटक्याने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि काहींत रक्तस्राव झालेला दाखवला. आजाराचं घर डोक्यात आहे हे तेव्हा दिसलं.

पण डोकं आणि लघवी यांचा सांधा जुळायला विसावं शतक उजाडलं. १९२५ साली फ्रेडरिक बॅरिंग्टन या इंग्रज शल्यविशारदाने मांजरांवर प्रयोग करून मेंदूच्या देठातली मूत्रविसर्जनाची जागा दाखवली. १९६४ साली लंडनच्या अँड्र्यू आणि नेथन या दोघांनी माणसांचा अभ्यास छापला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की लघवी वारंवार येते, घाईने येते, आवरत नाही, असं त्यांनी नोंदवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. हे रुग्ण बेफिकीर नव्हते. आपलं काय होतंय ते त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. ‘त्याला आता कसली शुद्ध आहे’ असं म्हणून घरचे जेव्हा सोडून देतात, तेव्हा ही नोंद आठवावी.

आता व्यायामाकडे येऊ. हा भाग आपल्या घरच्या कपाटातच सापडतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेवांनी योग्याची बैठक वर्णिली आहे. टाच कुठे टेकवायची, शरीर कसं तोलून धरायचं आणि मूळबंध कसा साधायचा, हे मराठी ओव्यांत सांगितलं आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाची हठयोगप्रदीपिका आली. तिच्यातही मूळबंध आहे, आणि त्याने मलमूत्राचं प्रमाण कमी होतं असा दावाही आहे. घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे. घोडी जशी गुदद्वार आकसते आणि सैल सोडते, तशी ती वारंवार करायची क्रिया. त्या मुलीने दाजींना जे शिकवलं, त्याच्या अगदी शेजारची ही गोष्ट.

इथे मात्र थोडं थांबलं पाहिजे. ‘म्हणजे सगळं आपल्या ग्रंथांत होतंच’ असं म्हणून पुस्तक मिटून टाकणं सोपं आहे. पण ते खरं नव्हे. मूळबंधाचा हेतू वेगळा होता. तो कुंडलिनी जागवण्यासाठी, प्राण आणि अपान एक करण्यासाठी होता. तो धडधाकट साधकासाठी होता आणि गुरूने शिष्याला द्यायचा होता. बाळंतीण, म्हातारा, लुळा पडलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. क्रिया ठाऊक होती, तिचा हा उपयोग ठाऊक नव्हता. इतिहासात या दोन गोष्टींत शतकांचं अंतर पडतं.

ते अंतर तोडायची सुरुवात महाराष्ट्रात झाली होती. स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. योगाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाब मोजून बघायचं, असा त्यांचा ध्यास होता. उड्डियान आणि नौली करताना आतड्यातला दाब उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून अशी निरीक्षणं छापली. योगाला प्रयोगशाळेत आणणारं हे फार मोठं पाऊल होतं. पण लघवी न आवरणाऱ्या रुग्णापर्यंत ही वाट तेव्हा आली नाही.

ती वाट दुसरीकडून आली. १९३६ साली इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस या बाईंनी बाळंतपणानंतरच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तक काढलं. त्या मुळात नर्तकी, मग फिजिओथेरपीकडे वळलेल्या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं आणि सैल करणं त्यांनी त्यात घातलं. नाचणाऱ्या बाईला आपल्या शरीराचा न दिसणारा स्नायूही जाणवतो. डॉक्टरांच्या आधी एका नर्तकीने हे लिहावं यात मला नवल वाटत नाही.

मग १९४८ साल. अमेरिकेत लॉस एंजलिसला अर्नॉल्ड केगल नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. दर वेळी शस्त्रक्रियाच कशाला, सैल पडलेला स्नायू इतर स्नायूंसारखा व्यायामाने का बळकट होऊ नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. पण अडचण अशी, की बाईला तो स्नायू सापडतच नसे. ‘आवळा’ म्हटलं की ती पोट आवळी, मांड्या आवळी, श्वास धरी. केगल यांनी मग रबराची एक छोटी हवेची नळकांडी केली आणि तिला दाबमापक जोडला. योनीत ती ठेवून बरोबर स्नायू आवळला की काटा हलणार. चुकीचा आवळला तर काटा जागेवर. हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. प्रेसवर वीस वर्षं त्यांनी दाबाचा काटाच तर बघितला होता! काटा बघितल्याशिवाय दाब किती आहे ते कळत नाही, हे चिंचोळीतल्या कामगाराला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

काट्याची गरज खरी होती, याचा पुरावा पुढे मिळाला. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला आणि तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका उलट खाली जोर देत होत्या, ज्याने त्रास वाढावा. म्हणून जाणत्या माणसाने एकदा तरी तपासून शिकवावं, असं का म्हणतात ते यावरून कळतं.

१९४८ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. त्याच वर्षी आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला आणि कामगार विमा योजनेचा कायदाही झाला. कारखान्यात पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळी मुतारी आणि संडास असला पाहिजे, हे त्या कारखाने कायद्यात लिहिलं गेलं. कामगाराला लघवी लागते हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं, यातच सगळं आलं. मशीन सोडून जाता येत नाही म्हणून पाळीभर लघवी धरणारे पुरुष आणि आडोसा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्या गावाने पुष्कळ पाहिल्या आहेत. या विषयावर गप्प बसण्याची सवय आपल्याला आजारपणाच्या फार आधीपासून लागलेली असते.

फिजिओथेरपीचं शिक्षण आपल्याकडे आलं ते पोलिओच्या निमित्ताने. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातली पहिली शाळा निघाली. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. समोर लुळे पडलेले हातपाय होते, आणि या लोकांनी फार मोठं काम केलं. पण ‘फिजिओथेरपी म्हणजे हातपाय’ असं समीकरण जनमानसात बसलं ते बसलंच. आपल्या सोलापूरला १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय झालं, मोठं शासकीय रुग्णालय आहे. तरी ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम म्हटलं की आजही लोकांना बाळंतीणच आठवते. जगातही हाच क्रम होता. आधी बाळंतिणी, मग प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेले पुरुष, आणि सगळ्यांच्या शेवटी अर्धांगवायूचा रुग्ण.

किती शेवटी, ते ऐका. झटका आल्यावर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोकांचा लघवीवरचा ताबा जातो. घरी जाताना तो त्रास साधारण २५ टक्क्यांना उरतो आणि वर्षानंतरही १५ टक्क्यांच्या आसपास लोकांना असतो. एवढी मोठी संख्या. आणि झटका आलेल्या स्त्रियांवर या व्यायामाची नीट आखलेली चाचणी डेन्मार्कमधल्या सिग्रिड टिबेक या फिजिओथेरपिस्ट बाईंनी छापली ती २००५ साली, म्हणजे केगल यांच्यानंतर ५७ वर्षांनी. त्यात २६ स्त्रिया होत्या आणि व्यायाम १२ आठवड्यांचा होता. व्यायाम करणाऱ्यांचं दिवसा लघवीला जाणं कमी झालं, पॅड कमी भिजू लागले, स्नायूंचा दम वाढला. पुरुषांवरची तशी चाचणी २०१७ साली आली. तीत ३१ जण होते आणि सुधारणा मर्यादित दिसली.

मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे पुराव्याविषयी काटेकोर बोललं पाहिजे. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने अर्धांगवायूनंतरच्या लघवीच्या त्रासावरचे सगळे उपचार एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की कोणत्याच उपचाराबद्दल ठामपणे बोलावं इतका पुरावा अजून नाही. चाचण्या थोड्या, माणसं थोडी. तेव्हा या व्यायामाने सगळे बरे होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पुरावा थोडा का आहे, तेही विचारा. ज्या दुखण्याविषयी रुग्ण बोलत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, त्याचा पुरावा जमणार कसा?

मग लगामच ढिला झालेला असताना झोळी आवळून काय होणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. मलाही आली होती. त्याचं उत्तर असं, की हे स्नायू आवळले की आकुंचन पावू पाहणारं मूत्राशय थोडं शांत होतं. मेंदूकडून येणारा ‘थांब’ क्षीण झालेला असतो, त्याला खालून मदत मिळते. घाई लागली की धावायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, चार-पाच वेळा आवळायचं, कळ ओसरू द्यायची आणि मग सावकाश चालायला लागायचं. दाजींच्या त्या दहा पावलांचा प्रश्न इथे होता.

याच्या जोडीला इतर साध्या गोष्टी लागतात. घड्याळ लावून दर दोन-तीन तासांनी लघवीला नेणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, संध्याकाळनंतर चहा कमी करणं, वाटेत दिवा आणि भिंतीला धरायला दांडी. पाणी मात्र तोडायचं नाही. पाणी तोडलं की लघवी गडद होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो आणि त्रास वाढतो. आणि आधी डॉक्टरांना दाखवायचं. कुणाची लघवी उलट अडकून राहते, कुणाला नळी घातलेली असते, कुणाची साखर वाढलेली असते, कुणाला प्रोस्टेटचा त्रास असतो. तिथे उपाय निराळा. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव करण्याची सवयही लावू नये, असं जाणकार सांगतात.

दाजींचं पुढे काय झालं? चमत्कार झाला नाही. तीन महिने रोज, अक्का स्वयंपाक करता करता ओट्याजवळून मोजत असे, ‘एक, दोन, तीन, सोडा.’ पहिल्या महिन्यात काही फरक नव्हता आणि दाजी चिडून सोडायला निघाले होते. मग हळूहळू दहा पावलं पार पडू लागली. रात्रीचं मेणकापड अजून आहे. पण दिवसा चादर कोरडी राहते, आणि माठाचं पाणी ते पोटभर पितात. पुढच्या संक्रांतीला ते गड्ड्यावर गेले. गर्दीत फार आत नाही, कडेकडेने. जाण्याआधी मुतारी कुठे आहे ते त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलं. मोठ्याने विचारलं, सगळ्यांदेखत. मला तोच खरा बदल वाटला.

तर श्रोतेहो, हा असा इतिहास आहे. मराठी ओव्यांतून वर्णिलेली क्रिया, लोणावळ्याची प्रयोगशाळा, एक नर्तकी, एक दाबाचा काटा आणि डेन्मार्कमधल्या २६ बायका. ज्ञान तुकड्यातुकड्यांनी होतं, पण आजाऱ्याच्या खाटेपर्यंत यायला त्याला कुणाच्या तरी प्रश्नाची गरज होती. तुमच्या घरात, शेजारी, पाळीतल्या सोबत्यांत कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल, तर भेटायला जाल तेव्हा ‘हात उचलतो का, पाय चालतो का’ एवढंच विचारून परत येऊ नका. थोडं जवळ बसा, आणि हळूच विचारा, ‘लघवीचं कसं काय?’